चुकीचं टेनिस

टेनिसचा कोच म्हणून मी डोंबिवलीत लागलो तेव्हा मला चोविसावं चालू होतं, आणि खेळाडू म्हणून मी फारसा कुणाला ठाऊक नव्हतो. ज्यांना ठाऊक होतो ते मला हरवून गेलेले होते. ठाण्यात आमच्या घराजवळच्या क्लबात मी सात-आठ वर्षं खेळलो आणि दर स्पर्धेत पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीतून घरी परतलो. आई म्हणायची, "बरं झालं, जेवायच्या वेळेला आलास." मग मी कोचिंगचा सहा आठवड्यांचा एक कोर्स केला आणि त्यात चक्क पहिला आलो. परीक्षा लेखी होती. लेखी परीक्षेत समोरून चेंडू येत नाही.

कोर्सहून मी एक सर्टिफिकेट आणि एक जाडजूड फाइल घेऊन आलो. सर्टिफिकेट आईनं देव्हाऱ्याच्या वर लावलं. फाइलला मी कुणाला हात लावू दिला नाही. तिच्यात फोरहँड नऊ पायऱ्यांत, बॅकहँड आठ पायऱ्यांत आणि सर्व्हिस चौदा पायऱ्यांत मांडलेली होती. प्रत्येक पायरीचं चित्र, प्रत्येक चित्रात बाण. आपण आजवर हरलो ते केवळ या पायऱ्या कुणी वेळेवर सांगितल्या नाहीत म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून कामगार आणि ऑफिसरांची एक कॉलनी होती, आणि त्या कॉलनीत, का कोण जाणे, टेनिसचं एक कोर्ट होतं. कुणा जुन्या साहेबाची हौस. साहेब बदलून गेले, कोर्ट राहिलं. लाल मातीचं, एका टोकाला जरासं उतरतं. मागून नाला जायचा, त्याचं पाणी कधी निळं असायचं तर कधी शेंदरी. कोर्टावर गणपतीचा मांडव, लग्नाच्या पंगती आणि क्रिकेट यांचा हक्क आधी. त्यातून उरलेल्या सकाळी आठवड्यातून चार दिवस माझ्या.

दसरा झाल्यावर क्लास सुरू झाला. आठ मुलं-मुली आली. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "महिनाभर चेंडू नाही. आधी टेक्निक."

मग काय, हातात रॅकेट आणि समोर हवा. मी ओरडायचो, "एक!" मुलं कडेला वळायची. "दोन!" रॅकेट मागे. "तीन!" डावा पाय पुढे. असं करत "नऊ!" म्हटलं की रॅकेट डाव्या खांद्यावर नेऊन पुतळ्यासारखं थांबायचं, जणू कुणी फोटो काढतंय. दोन आठवड्यांत मुलं ते पाढ्यासारखं म्हणायला लागली. रॅकेटी क्लासच्या होत्या, त्या घरी न्यायच्या नव्हत्या, म्हणून घरी लाटणी, कालथे आणि फुटपट्ट्या निघाल्या. एक दिवस एका मुलाची आई आली आणि म्हणाली, पाचव्या पायरीला आमची ट्यूबलाइट फुटली.

मी गंभीरपणे विचारलं, "कोपर वाकलेलं होतं का?"



या आठांत एक मुलगी होती, अकरा वर्षांची, काटकुळी, जरा घाबरट. तिला सांगावं ते ती अक्षरशः करायची. तिचा फोरहँड आणि माझ्या फाइलमधलं चित्र यांत फरक एवढाच की चित्राला वेण्या नव्हत्या. कोर्टाच्या कडेनं जाणारे लोक थांबून तिच्याकडे बघायचे आणि मी अंगावर मूठभर मांस चढवून घ्यायचो.

तिला घरी न्यायला तिचे वडील यायचे. रंगाच्या एका कारखान्यात फोरमन होते, साताऱ्याकडचे. पंचेचाळिशीचे, बुटके, रुंद. पाळी संपवून ते थेट कोर्टावर यायचे, त्यामुळे नखं नेहमी रंगलेली. नखं बघून कारखान्यात कुठली ऑर्डर चालू आहे ते कळायचं. एक आठवडा गुलाबी, एक आठवडा मोरपंखी. ते कोर्ट दाबायच्या लोखंडी रोलरवर बसायचे आणि क्लास संपेपर्यंत काही न बोलता बघत राहायचे. तीन आठवड्यांनी ते पहिल्यांदा बोलले.

"मास्तर, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"ह्यात चेंडू कुठं जायला पाहिजे?"

"कशात?"

"हेच की, तुमचं एक ते नऊ. नऊ झालं. चेंडू कुठं गेला?"

"काका, अजून चेंडू दिलेलाच नाही."

"ते दिसतंय. पण असता, तर कुठं गेला असता?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "पलीकडे."

"पलीकडं तर सगळी डोंबिवली आहे," ते म्हणाले आणि पुन्हा रोलरवर जाऊन बसले.

मला राग आला. माणसाला टेनिसमधलं काही कळत नाही, वर शंका काढतो. मी त्याच आठवड्यात चेंडू काढले, पण ते फोरमनसाहेबांच्या बोलण्यामुळे नव्हे, असं स्वतःला दोनदा बजावून.

मग त्यांनाच शिकायची हुक्की आली. "हिच्याशी खेळायला घरी कुणी नाही," म्हणाले. "मला बी शिकवा." मी खूश झालो. आता यांना टेक्निक म्हणजे काय ते कळेल. पण अडचण निघाली ती त्यांच्या मनगटाची. तरुणपणी सायकलवरून पडून ते मोडलेलं, आणि खडवलीच्या बाजूच्या एका हाडवैद्यानं बसवून दिलेलं. बसवलं पक्कं, पण जरा फिरवून. तेव्हापासून त्यांचा उजवा तळवा पुरता वर वळायचाच नाही. माझ्या फोरहँडची चौथी पायरी नेमकी तिथेच होती.

पंधरा दिवस मी त्या मनगटाशी झटलो. काखेत रुमाल धरायला लावला. जमिनीवर चुन्यानं पावलं काढून दिली. शेवटी त्यांचा हात धरून पिळायलाही कमी केलं नाही.

"काका, सैल सोडा."

"मास्तर, सैलच आहे. ते तिथपर्यंतच जातं."

"थोडा प्रयत्न करा."

"प्रयत्न मी करीन हो, पण हाड करत नाही."

तसल्या अवस्थेत मारलेला चेंडू कुठेही जायचा. जास्त करून कुंपणापलीकडच्या बंगल्यात, जिथे एक काकू गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या. रोज दहा वाजता त्या पिशवीतून चेंडू आणून द्यायच्या आणि मोजून सांगायच्या, "आज अकरा. कालच्यापेक्षा प्रगती आहे." काही चेंडूंवर गुलाबी बोटं उमटलेली असायची, त्यामुळे चोर कोण ते लपून राहायचं नाही.

एके दिवशी फोरमननी रॅकेट माझ्या हातात परत दिली. "राहू द्या मास्तर. तुमची चौथी पायरी माझ्या हाडात नाही." आणि ते रोलरवर जाऊन बसले. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. एक माणूस कमी झाला तरी चालेल, फाइल शाबूत राहिली पाहिजे.

जानेवारीत ठाण्याला बारा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. मी आमच्या चित्राचं नाव घातलं. ती, तिचे वडील आणि मी असे तिघं एसटीनं गेलो. तिच्या समोर आलेली मुलगी दिसायला अगदीच यथातथा. रॅकेट अशी धरलेली की पळीनं आमटी वाढतेय. पाय कसेही, कोपर कसंही. मी फोरमनना हळूच म्हटलं, "बघा, हे टेक्निक नसल्याचे परिणाम."

मॅच सुरू झाली. आमची मुलगी सुंदर खेळली. एकही पायरी चुकली नाही. बाजूला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "वा! काय स्टाइल आहे! कुणाकडे शिकते ही?" मी लगेच पुढे होऊन सांगितलं, "माझ्याकडे." तेव्हा स्कोअर शून्य-चार होता.

ती पळीवाली मुलगी नुसती पळायची आणि चेंडू परत टाकायची. इकडे रिकामी जागा दिसली की इकडे, तिकडे दिसली की तिकडे. आमची मुलगी नऊवर येऊन पुतळा व्हायची, तोवर चेंडू परत आलेला असायचा. सहा-शून्य, सहा-शून्य. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं.

स्टँडवर उसाचा रस प्यायला थांबलो. ती ग्लासातला फेस बोटानं बाजूला करत होती. मग म्हणाली, "सर, मी सगळं बरोबर केलं ना?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर."

"मग मी हरले कशी?"

नशिबाला दोष द्यावा म्हटलं, तर बारापैकी बारा गेममध्ये नशीब कसं वाकडं असेल? मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते दुसऱ्या ग्लासात बर्फ जास्त झाला म्हणून रसवाल्याशी हुज्जत घालत होते. मुद्दाम घालत होते, असं मला आज वाटतं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मास्तरनं द्यावं म्हणून.

पुढच्या सोमवारी ती क्लासला आली, पण चेंडूची वेळ आली तशी बाजूला जाऊन उभी राहिली.

"काय झालं गं?"

"सर, मी चेंडूशिवायचं टेनिस खेळू का?"

"म्हणजे?"

"एक-दोन-तीनवालं. ते मला आवडतं. त्यात कुणी हरत नाही."

बाकीची मुलं हसली. मीही हसलो, पण अर्ध्यावरच थांबलो. कारण सात-आठ वर्षं मीही तेच खेळत आलो होतो. फरक इतकाच की मला ते कळलेलं नव्हतं, आणि पहिला नंबर देऊन लोकांनी माझा सत्कारही केलेला.

त्यानंतर आठवडाभर ती आलीच नाही. तिची चौकशी करावी म्हणून एका रविवारी सकाळी मी कॉलनीत गेलो. रविवारी क्लास नसायचा. कोर्टाजवळ आलो तर आतून आवाज: ठण्ण! मग हसणं. पुन्हा ठण्ण!

आत बाप-लेक क्लासच्या पेटीतल्या रॅकेटी काढून खेळत होते. जाळीच्या दोन्ही बाजूंना, सर्व्हिसच्या चौकटींत, रसायनांच्या पिंपांची लोखंडी झाकणं मांडलेली, प्रत्येक बाजूला तीन. फोरमननी कारखान्याच्या भंगारातून मागून आणलेली, स्वच्छ धुतलेली. चेंडू समोरच्या झाकणावर पडला की एक पॉइंट. ती मुलगी कोपर खाली, पाय उलटे, रॅकेट कशीही फिरवत होती आणि ठण्ण ठण्ण झाकणं वाजवत होती. तिचा चेहरा लाल झालेला. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी ओरडलो, "अरे, हे काय चाललंय? डावा पाय!"

ती जागच्या जागी थिजली. फोरमननी चेंडू खिशात घातला.

"मास्तर, तुमचा क्लास उद्या आहे. हे आमचं चुकीचं टेनिस आहे. उद्या तुमचं बरोबर खेळू."

"पण काका, अशानं सवय बिघडते."

"बिघडू द्या की. या, एक डाव टाका. पोरगी पंच."

मला नकार देता आला असता. पण सर्टिफिकेटवाला माणूस वाकड्या मनगटाच्या फोरमनपुढून पळाला, हे कॉलनीभर झालं असतं. मी रॅकेट उचलली. सात पॉइंटांचा डाव ठरला.

त्यांचं वाकडं मनगट आता मला समोरून दिसलं. वळत नव्हतं म्हणून त्यांनी दुसरीच वाट काढलेली. चेंडूच्या खालून रॅकेट अशी सरकवायचे की भाकरी उलथतायत. चेंडू जाळीवरून अलगद यायचा आणि मातीवर पडला की उठायचाच नाही. असला फटका माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. मी वाकून, कसाबसा तो उचलायचो, पूर्ण नऊ पायऱ्या करायचो, आणि माझा देखणा चेंडू झाकणाच्या वीतभर बाजूला पडायचा.

"सर, जवळ होता," पंचांनी दया दाखवली.

सात-तीन. मी हरलो. हरण्याची मला सवय होती, पण इतक्या आवाजात कधी हरलो नव्हतो. प्रत्येक पॉइंटाला ठण्ण.

आम्ही तिघं रोलरवर बसलो. मी विचारलं, "काका, माझं चुकतंय काय?" उभ्या जन्मात हा प्रश्न मी प्रथमच कुणाला विचारत होतो.

"तुम्ही झाकणाकडं बघत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताकडं बघता. नि नऊला थांबता. तेवढ्यात माझा चेंडू येऊन जातो."

"मग शिकवायचं कसं?"

ते नखं खरवडू लागले. त्या आठवड्यात ती हिरवी होती. "मला तुमचं काय कळतंय? पण आमच्याकडं नवा माणूस आला की त्याला मी व्हॉल्व्ह कसा धरायचा ते सांगत नाही. दाबाच्या गेजचा काटा दाखवतो. म्हणतो, हा काटा इथं आला पाहिजे आणि इथंच राहिला पाहिजे. मग तो फिरवतो, जास्त होतं, कमी करतो. चार दिवसांत हाताला आपोआप समजतं. प्रत्येकाचा हात निराळा असतो, काटा एकच असतो."

"आणि धरायचं कसं, ते कधीच सांगत नाही?"

"सांगतो की. लाल व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतो. ते न सांगून कसं चालेल? हातच राहायचा नाही मग. आणि कुणी येऊन विचारलं, साहेब, माझ्याच्यानं काटा का हलतोय, तर सांगतो. विचारायच्या आधी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहतंय?"

मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, अजून एक डाव."

दुसऱ्या दिवशी मी क्लासला फाइल नेली नाही. झाकणं मांडली, जाळीवर आडवी दोरी बांधली आणि सांगितलं, "दोरीवरून, झाकणावर. कसंही." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं विचारलं, "सर, आज एक-दोन नाही?" दुसरा म्हणाला, "सरांना बरं नाहीये बहुतेक." पहिला आठवडा म्हणजे नुसता गोंधळ. कुणी दोन्ही हातांनी मारतंय, कुणी गिल्लीसारखं टोलवतंय. माझे डोळे दुखायचे ते बघून. पण तिसऱ्या आठवड्यात कुणीही न सांगता मुलं कडेला वळायला लागली, कारण वळल्याशिवाय लांबचं झाकण वाजत नव्हतं. माझी पहिली पायरी! ती त्यांना माझ्याकडून नव्हे, झाकणाकडून मिळाली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पलीकडच्या काकू एक दिवस रिकामी पिशवी घेऊन कुंपणापाशी आल्या. "दहा दिवस एकही चेंडू नाही. क्लास बंद पडला की काय?" त्यांच्या आवाजात काळजी होती.

सगळंच झाकणावर सोडून भागलं नाही, हेही सांगायला हवं. एप्रिलमध्ये त्या मुलीचा खांदा दुखायला लागला. सर्व्हिस जोरात बसावी म्हणून ती अंग न वळवता नुसता हात उगारत होती. ती स्वतःच आली. "सर, सर्व्हिस केली की इथे दुखतं. का?"

तिनं मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. घरी जाऊन मी फाइल उघडली, सर्व्हिसच्या चौदा पायऱ्या समोर पसरल्या आणि बऱ्याच विचारानंतर त्यांतल्या दोन निवडल्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच सांगितल्या. तिनं त्या कान टवकारून ऐकल्या, चार दिवस सर्व्हिसला विश्रांती दिली आणि मग हळूहळू पुन्हा सुरू केली. दुखणं गेलं. तिचे वडील म्हणाले, "हा तुमचा लाल व्हॉल्व्ह, मास्तर. हा मात्र सांगायलाच पाहिजे."

मे महिन्यात ती पुन्हा स्पर्धेला गेली, या वेळी कल्याणला. पहिली मॅच जिंकली. दुसरी तीन सेटमध्ये हरली. घामानं निथळत बाहेर आली आणि आपण बरोबर केलं का, असलं काही न विचारता भांडल्यासारखी म्हणाली, "ती मला सारखी डावीकडे पळवत होती सर! मला उशिरा कळलं. लवकर कळलं असतं ना, तर मी तिला पळवली असती." तिला समोरची मुलगी दिसायला लागली होती. मला खेळाडू म्हणून आठ वर्षांत समोरचा कधी दिसला नव्हता.

ती काही मोठी खेळाडू झाली नाही. कॉलेजच्या टीममधून खेळली, मग शिक्षणाच्या मागे लागली. पुढे कारखान्याची ती शाखा बंद झाली आणि फोरमन कुटुंबासह गावी गेले. जाताना झाकणं मला देऊन गेले, नि वर म्हणाले, "मास्तर, आता मनगट सैल सोडा." मीही नव्वदच्या दशकात ठाण्याला परतलो आणि वर्तकनगरजवळच्या एका कोर्टावर शिकवू लागलो.

आपण सुधारलो, असं मला वाटत होतं. पण तोंडाची सवय जाईना. समोर कुणाचं कोपर वाकडं दिसलं की जीभ वळवळायची. शेवटी मी लिमलेटच्या गोळ्या ठेवायला लागलो. क्लास सुरू झाला की एक गोळी तोंडात; ती विरघळेपर्यंत कुणाची चूक काढायची नाही, फक्त बघायचं. चावायची नाही, हा नियम. गोळी संपेपर्यंत निम्म्या चुका त्यांच्या त्यांनीच दुरुस्त केलेल्या असायच्या, आणि उरलेल्यांपैकी काही चुका नव्हत्याच, तो त्यांचा खेळ होता.

हा प्रकार विद्यार्थ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. क्लासमध्ये बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, चाळिशीनंतर शिकायला आलेल्या, जिद्दी. त्यांचा बॅकहँड जमत येण्याच्या बेताला आला, तेव्हा माझी गोळी संपल्याचं त्यांनी लांबूनच हेरलं. मी तोंड उघडणार, तोच त्या कोर्ट ओलांडून आल्या, पर्समधून नवी केशरी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, अजून पाच मिनिटं."